शहरात घर निवडताना : जे बदलता येणार नाही ते आधी पाहावे

मोठ्या शहरात घर शोधायला निघालेला माणूस बहुधा उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. छायाचित्रांत नवी फरशी, ताजा रंग आणि नेटके स्वयंपाकघर दिसते, त्यावर मन बसते, आणि मग उरलेल्या सगळ्या गोष्टी त्या पसंतीशी जुळवून घेण्याची खटपट सुरू होते. वास्तविक फरशी, रंग आणि कपाटे पुढे केव्हाही बदलता येतात. परंतु इमारत कोणत्या रस्त्यावर उभी आहे, खिडकीतून उजेड किती येतो, स्लॅबमधील लोखंड गंजू लागले आहे काय, जागा कागदोपत्री कोणाची आहे आणि इमारतीचा कारभार कसा चालतो, या गोष्टी एकदा व्यवहार झाला की आपल्या हातात राहत नाहीत. म्हणून घर पाहण्याचा क्रमच असा ठेवावा, की जे बदलता येणार नाही ते सर्वांत आधी तपासायचे आणि जे बदलता येते त्याचा विचार शेवटी करायचा. हा क्रम भाडेकरूला आणि खरेदीदाराला सारखाच लागू आहे. मात्र भाडेकरू करार संपताच मोकळा होतो, तर खरेदीदाराला तशी मोकळीक सहजासहजी मिळत नाही.

भाड्याने घ्यावे की विकत

हा प्रश्न भावनेवर सोडू नये. त्यासाठी एक प्रचलित ठोकताळा आहे : घराच्या किमतीला त्याच प्रकारच्या घराच्या वर्षभराच्या भाड्याने भागावे. उत्तर १५ च्या आत आले तर खरेदीचा विचार करण्यासारखा असतो, आणि २० च्या वर गेले तर भाड्याने राहणे बहुतेकदा स्वस्त पडते. हा ठोकताळा शेवटचा शब्द नव्हे, कारण व्याजदर, कर आणि आपण त्या शहरात किती काळ राहणार या तिन्ही गोष्टींनी उत्तर बदलते. तरी केवळ ‘भाडे म्हणजे पैसे वाया’ या समजुतीवर आयुष्यभराचे कर्ज काढण्यापेक्षा हा भागाकार करून पाहणे केव्हाही हिताचे.

कर्जाचे गणितही एकदा कागदावर मांडून पाहावे. ८ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या कर्जात एकूण परतफेड मुद्दलाच्या दुप्पट होते, आणि हीच मुदत ३० वर्षांची केली तर ती अडीचपटीच्याही पुढे जाते. शिवाय २० वर्षांच्या कर्जात पहिल्या हप्त्यातील सुमारे ८० टक्के रक्कम निव्वळ व्याजापोटी जाते. याचा परिणाम असा, की २० वर्षांच्या अशा कर्जात पाच वर्षे नियमित हप्ते भरल्यानंतरही मुद्दलाचा ८७ टक्क्यांहून अधिक भाग फेडायचा उरलेला असतो, आणि अर्धे मुद्दल फिटायला साडेतेरा वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. ज्यांना चार-पाच वर्षांत शहर किंवा नोकरी बदलण्याची शक्यता वाटते, त्यांनी खरेदी करण्यापूर्वी हा आकडा नीट डोळ्यांसमोर ठेवावा, कारण खरेदी आणि विक्री या दोन्ही वेळचे कर, नोंदणी आणि दलाली त्यात अजून धरलेलीच नाही.

दर महिन्याला खिशातून जाणारी रक्कम म्हणजे केवळ हप्ता किंवा केवळ भाडे नव्हे. मेंटेनन्स, मालमत्ता कर, विमा, वीज-पाणी, वाहन उभे करण्याच्या जागेचे शुल्क आणि रोजच्या प्रवासाचा खर्च मिळवल्यावर लांबचे स्वस्त घर आणि जवळचे महाग घर यांच्या खर्चातील अंतर पुष्कळदा फारच थोडे उरते.

जागा आणि प्रवास

इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये असे मांडले, की वाहने कितीही वेगवान झाली तरी माणूस दिवसाकाठी सरासरी सुमारे तासभरच प्रवासात घालवतो. वेग वाढला की तो तेवढ्याच वेळात अधिक लांब राहायला जातो. मोठ्या शहरांत ही मर्यादा रोज ओलांडली जाते हे खरे, परंतु ती ओलांडल्याची किंमत झोप, घरच्यांसाठीचा वेळ आणि प्रकृती यांतून चुकवावी लागते. त्यामुळे जाहिरातीतले ‘स्थानकापासून पाच मिनिटे’ हे शब्द वाचून समाधान मानू नये. ज्या दिवशी आणि ज्या वेळी आपल्याला खरोखर कामावर जायचे असते, त्याच दिवशी आणि त्याच वेळी इमारतीच्या दारापासून कामाच्या जागेच्या दारापर्यंत एकदा प्रवास करून पाहावा, आणि परतीचाही करावा. सुट्टीच्या दिवशी दुपारी मोकळ्या रस्त्याने केलेला फेरफटका या बाबतीत काहीच सांगत नाही.

परिसर पाहताना आसपासचे मोकळे भूखंड विशेष ध्यानात घ्यावेत. आज खिडकीसमोर दिसणारी मोकळी जागा उद्याही मोकळीच राहील असे मानण्याला आधार लागतो, आणि तो आधार शहराच्या विकास आराखड्यात सापडतो. तेथे रस्ता रुंदीकरण, उड्डाणपूल किंवा उंच इमारत प्रस्तावित आहे काय, हे नगर नियोजन कार्यालयात विचारता येते. विक्रेता याविषयी स्वतःहून बोलेल अशी अपेक्षा ठेवू नये.

दाखवतील त्या वेळी नव्हे, आपल्या वेळी

घर दाखवणारा साहजिकच त्याच्या सोयीची वेळ निवडतो : उजेड चांगला असेल, रहदारी कमी असेल आणि शेजार शांत असेल अशी. म्हणून पसंत पडलेले घर निदान दोन निरनिराळ्या वेळी पाहावे, त्यांतील एक वेळ रात्रीची असावी, आणि शक्य असेल तर एक भेट जोरदार पावसानंतरची असावी. रात्री जिन्यातले दिवे लागतात की नाही, रस्ता एकट्याने चालण्यासारखा आहे की नाही, खालच्या दुकानांचा किंवा वाहनांचा गोंगाट किती वाजता थांबतो, हे दिवसा कळत नाही.

आवाजाची परीक्षा घराच्या आतही घ्यावी. शांत झोपेसाठी शयनकक्षातील सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. मोबाइलवरील आवाज मोजणारी अॅप प्रयोगशाळेइतकी अचूक नसतात, पण दोन घरांची तुलना करायला ती पुरतात. खिडक्या लावून, सोबतच्या सगळ्यांना दोन मिनिटे न बोलण्याची विनंती करून, शयनकक्षाच्या मध्यभागी उभे राहावे. लिफ्टची यंत्रणा भिंतीपलीकडे आहे काय, वरच्या मजल्यावर फ्लश केल्यास पाइपातून पाणी उतरल्याचा आवाज येतो काय, वर खुर्ची सरकवली तर डोक्यावर ऐकू येते काय, हे त्या दोन मिनिटांत बऱ्यापैकी समजते. रस्त्याचा आवाज चांगल्या खिडक्यांनी पुष्कळ कमी करता येतो. स्लॅबमधून येणारा पावलांचा आवाज खालच्या घरातून रोखणे मात्र फार कठीण असते, कारण त्याचा उपाय वरच्याच्या फरशीखाली करावा लागतो.

उजेडासाठी दिशा स्वतः तपासावी. मोबाइलमधील होकायंत्र हातात घेऊन प्रत्येक खिडकीचे तोंड कोणीकडे आहे ते टिपून ठेवावे. उत्तर गोलार्धात कर्कवृत्ताच्या वर असलेल्या शहरांत दक्षिणेकडील खिडक्यांना हिवाळ्यात भरपूर ऊन मिळते, दक्षिण गोलार्धात मकरवृत्ताच्या खाली हेच काम उत्तरेकडील खिडक्या करतात. आणि पश्चिमेकडील मोठ्या खिडक्या उष्ण हवेच्या शहरात संध्याकाळी घर तापवतात, मग तो गोलार्ध कोणताही असो. उन्हाळ्यात पाहिलेल्या घराला हिवाळ्यातही तेवढेच ऊन मिळेल असे धरून चालू नये. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधील पट्ट्याच्या बाहेरील प्रदेशांत दुपारच्या सूर्याची उंची दोन ऋतूंमध्ये सुमारे ४७ अंशांनी बदलते, आणि उन्हाळ्यात ज्या समोरच्या इमारतीवरून ऊन आत येते तीच इमारत हिवाळ्यात ते पूर्ण अडवू शकते.

ओल

घरातील सर्व दोषांमध्ये मला सर्वांत चिवट वाटतो तो ओलीचा. ती रंगाखाली झाकता येते, काही महिने दबते आणि पुन्हा वर येते. ती भिंती, कपडे आणि पुस्तके खराब करते, आणि तिच्यामुळे वाढणारी बुरशी दम्याच्या रुग्णांना फार त्रास देते. त्यामुळे ओलीचा शोध निवांतपणे घ्यावा.

प्रथम नाकावर विश्वास ठेवावा. दार उघडताच कुबट वास आला, किंवा वास झाकण्यासाठी सुगंधी फवारा मारल्याचे जाणवले, तर बंद कपाटे उघडून पाहावीत आणि आत हात लावून भिंत गार किंवा दमट लागते काय हे तपासावे. बाथरूमच्या बाहेरच्या बाजूची भिंत ही पाहण्याची खास जागा आहे. तेथे फरशीलगत रंगाला फोड आले असतील, पोपडे सुटले असतील किंवा पांढरी भुकटी जमली असेल, तर आतून पाणी झिरपत आहे असे समजावे. ही पांढरी भुकटी म्हणजे लोणा. भिंतीतून येणारे पाणी आपल्याबरोबर क्षार घेऊन येते, पाणी हवेत उडून जाते आणि क्षार पृष्ठभागावर उरतात. सगळ्या खोलीचा रंग जुना आणि छताचा एकच कोपरा ताजा रंगवलेला दिसला, तर तो कोपरा का रंगवला असे सरळ विचारावे.

ओल कोठून येते यावर तिचा उपाय आणि खर्च अवलंबून असतो. तळमजल्यावर जमिनीतून चढणारी ओल भिंतीच्या खालच्या साधारण मीटरभर भागात आडव्या पट्ट्यासारखी दिसते. छतावर मधोमध पसरलेला, कडा तपकिरी झालेला डाग वरच्या घराच्या किंवा गच्चीच्या गळतीकडे बोट दाखवतो, आणि अशा वेळी दुरुस्ती आपल्या घरात नव्हे तर दुसऱ्याच्या घरात करावी लागते, म्हणून ती लांबते. खिडकीच्या कोपऱ्यांत आणि कपाटामागे काळे ठिपके दिसत असतील तर ते बहुधा घरातील वाफ गार भिंतीवर जमल्यामुळे पडलेले असतात. हा तिन्हींतला सर्वांत सोपा प्रकार असून हवा खेळती ठेवल्याने तो पुष्कळ आटोक्यात येतो.

पाण्याचा दाब पाहण्यासाठी केवळ नळ उघडून चालत नाही. स्वयंपाकघरातील नळ आणि शॉवर एकाच वेळी सुरू करून मग फ्लश करावा आणि धार किती बारीक होते ते पाहावे. गरम पाणी यायला किती वेळ लागतो, मोरीतील पाणी तुंबत न राहता जाते काय, पाणी दिवसभर येते की ठरावीक वेळीच, हेही तेथेच विचारून घ्यावे. शक्यतो दाखवणाऱ्याला नव्हे, जिन्यात भेटणाऱ्या रहिवाशाला.

इमारतीची प्रकृती

भिंतीवरील प्रत्येक भेग धोक्याची नसते. केसासारख्या बारीक भेगा बहुतेक वेळा गिलावा सुकताना पडतात. मात्र खिडकी-दाराच्या कोपऱ्यांतून तिरप्या निघालेल्या, विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारख्या चढत गेलेल्या, किंवा पाच मिलीमीटरहून रुंद असलेल्या भेगा दिसल्या तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. काँक्रीटच्या तुळईला किंवा खांबाला सळईच्या रेषेत भेग गेली असेल आणि तिच्यातून गंजाचे तांबूस ओघळ आले असतील, तर आतले लोखंड गंजत आहे. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक असल्याने तो आतून काँक्रीटला फोडत जातो. हे पाहण्याची जागा म्हणजे सजवलेला दिवाणखाना नव्हे. तळघर, वाहनतळाचे छत, जिन्याची खालची बाजू, गच्ची आणि बाल्कन्यांच्या तळाकडील पृष्ठभाग येथे इमारत आपली खरी अवस्था लपवू शकत नाही.

इमारतीचा कारभार हादेखील तिच्या प्रकृतीचाच भाग आहे. २४ जून २०२१ रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सर्फसाइड येथील शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही बारा मजली निवासी इमारत अंशतः कोसळली आणि ९८ माणसे मृत्यू पावली. पोहण्याच्या तलावालगतच्या स्लॅबचे मोठे नुकसान झाल्याचे अभियंत्याच्या अहवालात २०१८ मध्येच नमूद होते. म्हणून विकत घेणाऱ्याने सोसायटीच्या मागील काही वर्षांच्या सभांची इतिवृत्ते, हिशेब, दुरुस्ती निधीतील शिल्लक आणि संरचनात्मक तपासणीचे अहवाल मागून वाचावेत. मेंटेनन्स फार कमी आहे ही बाब विक्रेता अभिमानाने सांगतो, पण जुन्या इमारतीत त्याचा अर्थ अनेकदा असा असतो, की मोठ्या दुरुस्तीसाठी काहीच साठवलेले नाही आणि ती रक्कम एक दिवस सर्वांकडून एकदम मागितली जाईल. कागद दाखवायलाच नकार मिळाला तर ते घर सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आगीचा विचार मनाला नकोसा वाटतो, तरी तो करावाच लागतो. लंडनमधील चोवीस मजली ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ जणांचा बळी गेला; तेथे खाली उतरायला एकच जिना होता आणि नूतनीकरणात बाहेरून बसवलेले आवरण ज्वलनशील होते. उंच इमारतीत जिने किती आहेत, ते मोकळे आहेत की सामानाने अडलेले, जिन्याकडील अग्निरोधक दारे आपोआप बंद होतात काय, अग्निशमन यंत्रणेची शेवटची तपासणी केव्हा झाली, हे सारे पाहायला दहा मिनिटे पुरतात.

क्षेत्रफळाचा आकडा ऐकला की तो कशाचा आहे हे लगेच विचारावे. भिंतींच्या आतील प्रत्यक्ष वापराची जागा, भिंतींसह मोजलेली जागा आणि जिना-लिफ्टचा वाटा धरून सांगितलेली जागा यांत मोठी तफावत असते, आणि ही गोंधळाची स्थिती अनेक देशांत असल्याने निवासी इमारतींसाठी २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मोजणी मानके प्रसिद्ध करावी लागली. मोजपट्टी बरोबर न्यावी, खोल्या स्वतः मोजाव्यात, आणि आपला पलंग, धुण्याचे यंत्र व सर्वांत मोठे कपाट लिफ्टमधून आणि दारातून आत येईल काय हेही मोजावे.

कागदपत्रे आणि करार

घर पाहण्यापूर्वीच पैसे मागणारा माणूस, मग कारण कोणतेही सांगो, टाळावा. मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल, आणखी तिघे रांगेत आहेत म्हणून आजच रक्कम पाठवा, हे बोलणे फसवणुकीचे नेहमीचे लक्षण आहे. जाहिरातीतील छायाचित्रच इंटरनेटवरील शोधात टाकून ते आणखी कोठे वापरले आहे हे पाहिले की तेच चित्र दुसऱ्या शहरातील घराचे म्हणून वापरलेले अनेकदा सापडते. भाडेकरूनेही मालकीचा पुरावा आणि ओळखपत्र मागावे; त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

खरेदीदाराने एक गोष्ट नीट समजून घ्यावी. काही ठिकाणी सरकारी नोंद हीच मालकीची हमी असते. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये रॉबर्ट टॉरेन्स यांनी आणलेली पद्धत या प्रकारची आहे. अन्य अनेक देशांत मात्र नोंदणी कार्यालय फक्त दस्त नोंदवते, दस्त देणारा खरोखर मालक होता की नाही याची हमी देत नाही. अशा ठिकाणी मागील मालकांची साखळी, घरावर असलेला बोजा किंवा गहाण, वारसांचे दावे, चालू खटले आणि बांधकामाच्या परवानग्या तपासून घेणे ही सर्वस्वी खरेदीदाराची जबाबदारी असते. हे काम आपण स्वतः नेमलेल्या वकिलाकडूनच करवून घ्यावे. विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला वकील कितीही सज्जन असला तरी त्याचे पुढचे काम त्यांच्याकडून येणार असते. कर्ज देणारी बँक तपासणी करते, म्हणून आपण निश्चिंत राहावे हेही बरोबर नाही. बँक तिच्या कर्जाची सुरक्षितता पाहते.

दलालाचे मानधन कोण देणार आणि किती, हे पहिल्या भेटीतच लेखी ठरवून घ्यावे. चांगला दलाल पुष्कळ वेळ वाचवतो, यात शंका नाही, पण व्यवहार झाला तरच त्याला पैसे मिळतात, ही गोष्ट त्याचा सल्ला ऐकताना विसरू नये.

भाडेकरारात मासिक भाड्याखेरीज चार बाबी निःसंदिग्ध शब्दांत असाव्यात : डिपॉझिट किती दिवसांत आणि कोणत्या कारणांनी कापून परत मिळेल, कोणती दुरुस्ती कोणी करायची, भाडे केव्हा आणि किती वाढेल, आणि मुदतीपूर्वी घर सोडायचे झाल्यास किती आधी सूचना द्यावी. ‘ते आपण बघून घेऊ’ हे मालकाचे तोंडी आश्वासन प्रामाणिक असू शकते, तरी ते कागदावर उतरवायला त्याची हरकत नसावी. रंग देणे, गळका नळ बदलणे, तुटलेली काच बसवणे अशी जी कामे कबूल केली असतील, ती तारखेसह करारातच लिहून घ्यावीत आणि किल्ली घेण्यापूर्वी पूर्ण झाल्याची खात्री करावी.

ताबा घेताना घर रिकामे असतानाच प्रत्येक खोलीची छायाचित्रे आणि एक सलग चित्रफीत काढून ठेवावी. भिंतीवरचे खिळे, फरशीवरील तडे, नळाभोवतीचे डाग आणि यंत्रांचे आधीचे ओरखडे जवळून टिपावेत, वीज, पाणी आणि गॅसच्या मीटरवरील आकडे त्याच दिवशी लिहून घ्यावेत, आणि हे सर्व मालकाला त्याच संध्याकाळी ई-मेलने पाठवून त्याची पोच मागावी, म्हणजे घर सोडताना डिपॉझिटवरून वाद निघाला तर तारखेचा पुरावा दोघांकडेही असेल. विकत घेतलेल्या घराच्या मुख्य दाराचे कुलूप पहिल्याच दिवशी बदलावे. भाड्याच्या घरात त्यासाठी मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि जुने कुलूप जपून ठेवावे, कारण जाताना तेच पुन्हा बसवून द्यावे लागेल.